शर्यत अकरा दहाला येणार होती

गावात त्याला सगळे ‘अर्धं मिनिट’ म्हणत. सलूनच्या बाकावर चार माणसं ताटकळत बसलेली असोत, खुर्चीतल्याच्या डोक्याला अजून कात्रीही लागलेली नसो, पाचवा दारात दिसला की हा म्हणणार, "बसा, अर्धं मिनिट." ते अर्धं मिनिट कधी वीस मिनिटांचं असे, कधी चांगलं तासाभराचं. एक गिऱ्हाईक ते अर्धं मिनिट ऐकून घरी गेलं, जेवलं, एक झोप काढून परत आलं, तरी त्याचा नंबर लागला नव्हता, असं समोरचा लाँड्रीवाला सांगतो. लाँड्रीवाल्याच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं. पण उरलेलं निम्मं खरं होतं.

बाकी माणूस हाताचा चोख आणि डोक्याचा गरम. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या मागे उभं राहून काम केल्यामुळे त्याला माणसं मागूनच जास्त ओळखू येत. समोरून कोणी हसत आलं, तर हा क्षणभर चाचपडायचा. पाठमोरा झाला की लगेच पटायचं. मानेवरचे केस कुठे संपतात, भोवरा उजवीकडे की डावीकडे, कोणत्या कानामागे तीळ आहे, हे त्याला पाठ. "तोंड तुमच्या घरच्यांनी लक्षात ठेवावं," तो म्हणायचा, "मानेचं खातं माझ्याकडे."

वडिलांकडून त्याला दुकान मिळालं, एक वस्तरा मिळाला आणि एक शिस्त मिळाली. उघडा वस्तरा हातातून खाली ठेवायचा नाही. पुसून, मिटून ठेव, नाहीतर हातातच असू दे. खुर्चीत माणूस डोळे मिटून बसलेला असतो, बाकावर पोरंसोरं असतात. वस्तऱ्याला कोण आपलं, कोण परकं कळत नाही. ही शिस्त त्याने एकही दिवस मोडली नाही. मोडली असती तर बरं झालं असतं, पण ते पुढे.

वडिलांकडून आणखी एक गोष्ट त्याच्या अंगावर पडली होती, ती म्हणजे धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा. दादाचं नुकतंच लग्न झालेलं. वहिनीने त्याला दीर म्हणून कमी आणि लेक म्हणून जास्त वाढवलं, आणि दादाने शिकाऊ कारागीर म्हणून. फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि फुगा न फोडता वस्तऱ्याने तो काढायचा, ही त्यांच्याकडची पहिली परीक्षा. दादाने स्वतः शिकताना अकरा फुगे फोडले होते. धाकट्याने एक फोडला. दुसरा असा साफ केला की फुग्यावर फेसाचा ठिपका राहिला नाही. दादाने तो फुगा हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाला, "हूं. टॉवेल धुवायचेत." कौतुक करायला त्याची जीभ कधी वळली नाही. कौतुकाने हात बिघडतो, असं त्याचं मत होतं.

पण धाकट्याचं मन दुकानात कधीच नव्हतं, ते सायकलवर होतं. पहाटे उठून चाळीस-पन्नास किलोमीटर जाऊन यायचा आणि नऊला दुकान उघडायला हजर. तक्रार करायला जागा ठेवायचा नाही. म्हणून दादा नुसताच धुमसायचा.

सहा वर्षांपूर्वीच्या एका रविवारी भडका उडाला. दुकान भरलेलं होतं. दादा गरम पाणी आणायला आतल्या खोलीकडे गेला आणि त्याने पडदा सरकवला, तर धाकटा उलट्या बादलीवर बसलेला, चड्डी मांडीपर्यंत वर, दोन्ही पायांना फेस आणि हातात वडिलांचा वस्तरा. एक पाय घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत गुळगुळीत झाला होता. बाकावरच्यांनी मान लांब करून बघितलं आणि कोणीतरी म्हणालं, "आता पाटीवर पायाचा पण भाव लिहा हो!" सगळं दुकान हसलं.

दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने सगळ्यांसमोर धाकट्याच्या कानाखाली वाजवली. "वडिलांचा वस्तरा पायाला? लोकांच्या तोंडाला लावायची वस्तू ती!"

"दादा, सगळे शर्यतवाले करतात," धाकटा गालावर हात ठेवून म्हणाला. "पडलो तर जखम धुवायला बरं पडतं. पट्टी काढताना केस ओढत नाहीत."

"सगळे करतात? कोण सगळे? एक आणून दाखव. एक! नाहीतर चालू लाग."

धाकट्याने पाय पुसले, खुंटीवरची बॅग घेतली आणि सायकल काढली. उरलेला पाय तसाच राहिला होता. दादा वस्तरा हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. धाकट्याने कोपऱ्यावर थांबून एकदा मागे बघितलं. दादाने हाक मारली नाही. हाक मारावी असं वाटलं होतं, हे त्याने बायकोलासुद्धा तीन वर्षांनी सांगितलं.

तो वस्तरा मग ना गिऱ्हाइकाला लागला, ना फेकला गेला. खणात फडक्यात गुंडाळून पडून राहिला. धाकटा दूरच्या एका शहरात नोकरीला लागला, तिथल्या सायकल संघात गेला, आणि महिन्यातून एकदा वहिनीला फोन करायचा. फोन वाजला की दादा रेडिओचा आवाज कमी करायचा आणि आपण ऐकत नाही असं दाखवत जिवाचे कान करायचा. वहिनी दर वेळी म्हणायची, "दादा आठवण काढतात रे तुझी." धाकटा म्हणायचा, "वहिनी, तू फार चांगली आहेस." म्हणजे तिच्यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. आणि चूक त्याची तरी काय? दादाने तोंडाने आठवण कधी काढलीच नव्हती. रेडिओचा आवाज कमी केला, हे ती फोनवर कसं सांगणार?

तर त्या वर्षी शर्यत गावातून जाणार असं ठरलं. पाच दिवसांची शर्यत, शंभरावर सायकलवाले, आणि तिसऱ्या दिवशी आपल्या मुख्य रस्त्यावरून! गावाने ती डोक्यावर घेतली. नऊ वर्षं अर्ज करून न बुजलेले खड्डे दोन दिवसांत बुजले. केमिस्टने दुकानाला रंग दिला. लाँड्रीवाला तर आपण स्वतःच शर्यत भरवली असल्यासारखा बोलू लागला. नगरपालिकेची नोटीस प्रत्येक खांबावर लागली: रविवारी दहा ते बारा रस्ता बंद, शर्यत अकरा वाजून दहा मिनिटांनी येईल.

आणि आठ दिवस आधी धाकट्याचा फोन आला. या वेळी वहिनीने फोन ठेवल्यावर रेडिओ स्वतःच बंद केला.

"अहो, ऐका. तो आहे त्या शर्यतीत. चौसष्ट नंबर आहे त्याचा." ती पुढे शब्द जुळवत बोलली. "तो म्हणाला, दादाला म्हणावं, दारात उभा राहा. नुसता हात वर केला तरी पुरे. मग त्या दिवसाची शर्यत संपली की गाडी करून घरी येतो, रात्रभर राहतो, सकाळी परत जाऊन त्यांना गाठतो. आणि हात नाही दिसला तर सगळ्यांबरोबर बसने पुढे जातो. म्हणाला, जबरदस्ती करू नकोस."

दादाने कात्री पुसली. बराच वेळ पुसली. "नंबर कुठे असतो त्यांचा?" त्याने विचारलं. बायकोला एवढ्यात सगळं कळलं, आणि ती गाद्या उन्हात घालायला गच्चीवर गेली.

नंबराचं दादाने आडून आडून लाँड्रीवाल्याला विचारलं. "छातीवर!" लाँड्रीवाला म्हणाला. "हा एवढा, पाटीएवढा. लांबून दिसतो." याला म्हणतात आंधळ्याने आंधळ्याला रस्ता विचारणं.

त्या आठवड्यात दुकान रिकामं असलं की दादा आरशासमोर उभा राहून हात वर करून बघायचा. पूर्ण वर केला की बस थांबवल्यासारखं दिसे. अर्धा केला की शपथ घेतल्यासारखं. नुसता पंजा हलवला तर तो त्याला स्वतःलाच परका वाटे. शेवटी पूर्ण हातच बरा, असं ठरलं. बस तर बस. थांबवायचंच तर होतं.

रविवारी त्याने धुतलेला शर्ट घातला. साडेदहाला दुकान बंद करायचं, पायरीवर जाऊन उभं राहायचं, असं ठरलेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची भिंत उभी होती. खिडक्यांत बायका, कुंपणावर पोरं. दहा वाजल्यापासून "आले! आले!" अशी आवई तीनदा उठली. एकदा पोलिसांची जीप आली, एकदा नुसताच कुत्रा. तिसऱ्यांदा जुन्या सायकलवरून घरी निघालेले गणिताचे मास्तर आले आणि लोकांनी त्यांना अशा टाळ्या दिल्या की ते उतरून सायकल हातात धरून चालू लागले.

साडेदहाचे दहा चाळीस झाले, दादा शटर ओढणार, एवढ्यात पोस्टमास्तर आले. निवृत्त झालेले, पण घड्याळ अजून नोकरीत. दर रविवारी दहा चाळीसला त्यांची दाढी.

"आज राहू दे का, साहेब? शर्यत आहे."

"अकरा दहाला आहे," पोस्टमास्तर खुर्चीत बसत म्हणाले. "नोटिशीत छापलंय. अर्ध्या तासात तू दोन दाढ्या करशील. छापलेल्या वेळेवर माझा विश्वास आहे."

खरं सांगायचं तर दादाला बरंच वाटलं. नुसतं उभं राहून त्याच्या हातांना काय करावं सुचत नव्हतं. कामात हात शांत होतात. त्याने फेस केला, वस्तरा उघडला आणि डावा गाल घेतला.

पण त्या दिवशी वारा पाठीमागचा होता. सायकलवाल्यांनी नोटीस वाचलेली नव्हती.

डावा गाल झाला, हनुवटी झाली, आणि रस्त्यावरून एकदम आरोळी उठली. या वेळची आरोळी वेगळी होती, पोटातून आलेली. वरच्या गॅलरीतून बायको ओरडली, "अहो, आले! खरंच आले!" दादाने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. अकराला बारा मिनिटं कमी होती. पोस्टमास्तर फेसातून म्हणाले, "शक्य नाही."

दादा धावला. वस्तरा मिटायचं भान राहिलं नाही, आणि उघडा खाली ठेवायची सवय नव्हती. उजव्या हातात उघडा वस्तरा, डाव्या हातात फेसाचं भांडं, असा तो पायरीवर येऊन उभा राहिला. समोर पोरांची गर्दी पायरीला खेटून. त्याने वस्तऱ्याचा हात मांडीशी घट्ट धरला, कोणाला लागू नये म्हणून.

आणि ते आले. आधी एक सळसळ आली आणि मग रंगांचा लोंढा. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळे चष्मे, सगळे हँडलवर वाकलेले. दादा कपाळाला आठ्या घालून, डोळे बारीक करून छात्या बघत होता. एकाही छातीवर नंबर नव्हता. चेहरे बघावेत तर चेहरे म्हणून काही उरलेलंच नव्हतं. नजर खाली गेली तर पाय दिसले. शंभर-सव्वाशे माणसांचे पाय, खालीवर होणारे, उन्हात चकाकणारे. एकाही पायावर केस नव्हता. एकाही. ‘एक आणून दाखव,’ असं तो म्हणाला होता, आणि त्या पायांवरून त्याला नजर काढता आली नाही.

वर बघितलं तेव्हा लोंढा निम्मा पुढे गेला होता, आणि तेव्हा त्याला कळलं की नंबर पाठीवर असतात, कमरेपाशी. चौसष्ट त्याने वाचला, पण त्याआधीच मान ओळखली होती. हेल्मेट आणि कॉलर यांच्यामधली चार बोटं मान. केस डावीकडे जरा खाली उतरलेले, उजव्या कानामागे तीळ. सतरा वर्षांचा होऊन घर सोडेपर्यंत दुसऱ्या कोणी त्या मानेला हात लावलेला नव्हता.

"अरे!" तो ओरडला. सगळं गावच ओरडत होतं. त्याने डाव्या हातातलं भांडं वर केलं, फेस एका पोराच्या डोक्यावर सांडला. मान कोपऱ्यावरून वळली आणि गेली. मागे वळून बघितलं नाही.

"झालं?" केमिस्ट म्हणाला. "एवढ्यासाठी दुकान रंगवलं मी?"

"अर्धं मिनिट," लाँड्रीवाला घड्याळ बघून म्हणाला. "बरोबर अर्धं मिनिट लागलं." आणि दादाकडे बघून तो हसला. तो काही वाईट माणूस नाही, त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

बायको जिना उतरून आली तेव्हा दादा पोस्टमास्तरांचा उजवा गाल करत होता. अर्ध्या दाढीवर माणूस सोडता येत नाही. ती दारात उभी राहिली. तिचा चेहरा बघून त्याने विचारलं, "काय?"

"त्याने हात वर केला होता," ती म्हणाली. "लांबूनच. दुकानाकडे बघत, सरळ बसून. मला वाटलं, तुम्ही बघताय त्याच्याकडे. इतके टक लावून बघत होतात." तिने त्याच्या हाताकडे बघितलं. "तुमच्या हातात वस्तरा होता. उघडा. आणि कपाळाला आठ्या."

पोस्टमास्तरांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले.

दुपारी दोनला वहिनीच्या फोनवर फोन आला. दादा जेवत होता, घास हातातच राहिला.

"बघितलं मी, वहिनी," धाकटा म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तसाच उभा होता. तसाच, वस्तरा घेऊन. असू दे. बस चारला निघते."

"अरे, ते गिऱ्हाइकाची दाढी करत होते! त्यांनी तुला ओळखलं नाही रे. नंतर ओळखलं. हाका मारल्या त्यांनी."

"वहिनी," तो म्हणाला, "सहा वर्षं तू हेच करतेस. नको आता."

तिने फोन दादापुढे धरला. दादाचा हात भाताने भरलेला. "अर्धं मिनिट," तो पुटपुटला आणि हात धुवायला धावला. नळ सोडला, हात धुतले, शर्टालाच पुसले. येऊन बघतो तो बायको फोन मांडीवर ठेवून बसली होती.

"ठेवला त्याने," ती म्हणाली.

तिने दोनदा लावून बघितला. घंटी पूर्ण वाजून थांबली, दोन्ही वेळा.

तीन वाजता दादा खाली गेला. त्याने शटर अर्धं ओढलं. खण उघडून फडक्यातला वस्तरा काढला. सहा वर्षांत त्यावर डाग धरले होते. त्याने तो घासला, चामड्याच्या पट्ट्यावर वीस-तीस वेळा फिरवला, अंगठ्याने धार बघितली. मग गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पायाला फेस लावला आणि सुरुवात केली.

गाल मऊ असतो, बोटांनी ताणला की ताणतो. नडगी ताणत नाही. हाड वर आलेलं, कातडी पातळ, आणि वाकून करायचं म्हणजे हात उलटा चालवायचा. पहिल्यांदा नडगीवर कापलं. मग गुडघ्याच्या खोबणीत. मग घोट्यावर, चांगलंच. फेसात लाल रेघा उतरल्या. अठ्ठावीस वर्षांचा कारागीर, ज्याच्या हाताखाली झोपी जाणारी माणसं आहेत, तो स्वतःच्या एका पायावर तीनदा कापून घेऊन बसला.

बायको पाठीमागच्या दाराने आली, तेव्हा तो पाय खुर्चीच्या दांड्यावर ठेवून नुसता बघत होता. ती घाबरली. "अहो, हे काय करून घेतलंत?"

"त्याच्या पायाला एकही जखम नव्हती," तो म्हणाला. "त्या दिवशी. तो पुसत होता तेव्हा मी बघितलं होतं. एकदाही कापलं नव्हतं त्याने. याच वस्तऱ्याने, बादलीवर बसून, पडद्यामागच्या अंधारात."

तिने टॉवेल ओला केला आणि खाली बसून त्याचं रक्त टिपू लागली. पट्टी सरळ चिकटली. केस नव्हते ना.

"इतका हात साफ होता त्याचा," तो म्हणाला, "माझ्यापेक्षा साफ. आणि मी त्याला म्हणालो, टॉवेल धुवायचेत."

भिंतीवरचं घड्याळ चारला दहा कमी दाखवत होतं. दादाने हात पुढे केला. "फोन दे. मीच लावतो."

तिने लावून दिला. त्याने तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. घंटी वाजत राहिली. रस्त्यावर लाँड्रीवाला कोणाला तरी शर्यतीची गोष्ट सांगत होता, तीत आता सायकली दोनशे झाल्या होत्या. घंटी थांबली.

"पुन्हा लावू?" तिने विचारलं.

"लाव."

पुन्हा वाजली, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा वाजलीच नाही. फोन बंद आहे असं एका बाईने सांगितलं. दादाने तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. घड्याळात चार वाजून गेले होते.

शटरखालून कोणाची तरी चप्पल दिसली. "आहात का हो? केस कापायचे होते."

दादाने वस्तरा पुसला, मिटला आणि पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला म्हणाला, "आज वेळ लागेल. खूप वेळ लागेल. थांबू नका."